साताऱ्याच्या हवेत ओकचं फ्लोरिंग: घ्यायचं का, आणि घेतलंच तर सांभाळायचं कसं

शाहूपुरी म्हणा, गोडोली म्हणा, जिकडं बघाल तिकडं बंगल्यांची कामं चाललीयत आणि हल्ली बऱ्याच जणांना निदान एका खोलीत तरी ओकचं खरंखुरं लाकडी फ्लोरिंग पाहिजे असतं. विचारताना सगळे स्क्वेअर फुटाचा भाव विचारतात, कलर विचारतात, टिकेल का विचारतात. पण जुलैमध्ये तुमच्या घरातली हवा किती ओली असते आणि एप्रिलमध्ये किती कोरडी, हे कुणी विचारत नाही, आणि खरं सांगायचं तर सगळा खेळ तिथंच आहे. भाव परवडणं हा पुढचा मुद्दा.

आधी हे ओक म्हणजे नेमकं काय ते बघू, कारण इथं पहिली फसगत होते. आपल्या सह्याद्रीत ओक उगवत नाही. हिमालयात उत्तराखंडकडं बांज नावाचा ओक आहे, पण तो तिथल्या लोकांच्या सरपणाला आणि जनावरांच्या चाऱ्याला लागतो, त्याच्या फ्लोरिंगच्या फळ्या काय आपल्यापर्यंत येत नाहीत. आपल्याला मिळतं ते बाहेरनं आलेलं, युरोपातलं नाहीतर अमेरिकेतलं. मग पाचगणीत ती उंच झाडं दिसतात, सिल्व्हर ओक, ती कुठली? ती ऑस्ट्रेलियातली, इंग्रजांच्या काळात लावलेली, ओकच्या कुळाशी त्यांचं काही नातं नाही, लाकूडही बरंच मऊ. तेव्हा कुणी 'लोकल ओक आहे, स्वस्तात देतो' म्हणाला तर नमस्कार करून बाहेर पडा.

बाहेरनं येणाऱ्यात अमेरिकेचा व्हाइट ओक, अमेरिकेचाच रेड ओक आणि युरोपियन ओक अशी तीन नावं ऐकू येतात. युरोपियन हा व्हाइटच्याच घरातला. फरक नुसत्या रंगाचा नाही. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची मोळी समजा, तर रेड ओकच्या नळ्या आरपार उघड्या असतात आणि व्हाइट ओकच्या आतनं बुजलेल्या असतात, म्हणून तर दारूची पिपं व्हाइट ओकची करतात, त्यातनं गळत नाही. हे घरी बघता येतं. दुकानातनं रेड ओकचा चार-पाच इंच लांब तुकडा आणा, दोन्ही टोकं नीट कापलेली हवीत आणि त्यावर पॉलिश नको, एक टोक वाटीतल्या पाण्यात बुडवा आणि दुसऱ्या टोकाला तोंड लावून जोरात फुंका, पाण्यात बुडबुडे येतात. व्हाइट ओकला गाल दुखेपर्यंत फुंकलं तरी येत नाहीत. आपल्यासारख्या पावसाळी भागात घ्यायचाच तर व्हाइट किंवा युरोपियन घ्या. रेड ओकला वरनं पाणी सांडलं की ते टोकाकडनं सरळ आत शिरतं.

आता मेन मुद्दा. लाकूड झाडावरनं उतरलं, वाळवलं, पॉलिश केलं, तरी ते हवेतनं ओल घेणं आणि सोडणं थांबवत नाही, शंभर वर्षांनीसुद्धा नाही. पावसाळ्यात तुमचा बाथरूमचा दरवाजा घासायला लागतो आणि दिवाळीनंतर आपोआप सैल होतो, तेच फ्लोरिंगचं होतं, फक्त दरवाजा एक असतो आणि फळ्या शंभर. हिशोब असा आहे की खोलीतली आर्द्रता ३० टक्क्यांवर राहिली तर लाकडातलं पाणी हळूहळू ६ टक्क्यांच्या आसपास येऊन थांबतं, आर्द्रता ५० असेल तर ९, ६५ असेल तर १२ आणि ८० असेल तर १६. आपल्याकडं मार्च-एप्रिलच्या दुपारी हवा ३० च्याही खाली जाते आणि जुलै-ऑगस्टमध्ये ८० च्या वर आठवडेच्या आठवडे बसून राहते. फळी लगेच ६ वरनं १६ वर उडी मारत नाही, पॉलिशमुळं वेळ लागतो, पण ४-५ टक्क्यांचा फरक तरी वर्षात पडतोच पडतो.

४-५ टक्क्यांनी काय होतंय, असं वाटेल. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढतं. साध्या चिरणीची ओकची १२५ मिलिमीटर, म्हणजे पाच इंची फळी घेतली, तर लाकडातल्या पाण्याच्या दर टक्क्याला ती साधारण ०.४५ मिलिमीटर फुगते. ५ टक्के म्हणजे सव्वादोन मिलिमीटर. बारा फुटी खोलीत अशा २९ फळ्या बसतात, सगळ्यांची बेरीज केली तर ६५ मिलिमीटर, अडीच इंच! प्रत्यक्षात सगळं एवढं सरकत नाही, खिळे आणि गोंद धरून ठेवतात, फळ्या एकमेकींना दाबून बसतात, पण जोर तेवढाच असतो आणि तो कुठंतरी निघतो. उन्हाळ्यात फटी पडतात, पावसाळ्यात कडा उचलतात, आणि भिंतीला जागा सोडली नसेल तर मधनं अख्खं फ्लोरिंग तंबूसारखं वर येतं.

इथं सागवानाची गोष्ट काढल्याशिवाय राहवत नाही. त्याच मापाची सागाची फळी तेवढ्याच ओलीला ओकच्या निम्म्यानंच फुगते. वाई-साताऱ्याच्या जुन्या वाड्यांत खांब, तुळया, दारं सागाची, ती उगीच नाहीत. वर सागात स्वतःचं तेल असतं, त्याच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. ओक काय, तर कडकपणात पुढं. लाकडात स्टीलची गोळी अर्धी रुतवायला किती जोर लागतो ते मोजतात, जांका म्हणतात त्याला, त्यात (पौंडात) व्हाइट ओक १३६०, रेड ओक १२९० आणि साग हजार-अकराशेच्या घरात. म्हणजे खुर्चीच्या पायाचे आणि पडलेल्या तांब्याचे खड्डे ओकला कमी पडतात. माझं मत विचाराल तर केवळ 'लाकडी फरशी पाहिजे' एवढंच असेल तर चांगला जुना साग मिळतोय का बघा. पण ओकचा तो फिकट, मधासारखा रंग आणि मोठ्या लाटांच्या रेषाच आवडल्या असतील तर सागात ते मिळत नाही, मग ओकच घ्या, पण त्याचं सगळं ऐकून घ्या.

सॉलिड आणि बाकीच्यांत फरक कसा ओळखायचा? फळी उलटी करा आणि टोक बघा. सॉलिड असेल तर वरच्या रेषा टोकावरनं खाली उतरलेल्या दिसतात, वरपासनं खालपर्यंत एकच लाकूड. इंजिनीअर्ड असेल तर वर ओकचा थर, ३-४ मिलिमीटरचा वगैरे, आणि खाली प्लायचे उभे-आडवे थर. लॅमिनेट असेल तर खाली तपकिरी दाबलेला भुसा आणि वर चक्क लाकडाचा छापील फोटो. त्याच्या सात-आठ फळ्या जमिनीवर मांडा, तीच गाठ त्याच जागी परत आलेली दिसेल. एसपीसी म्हणून मिळतं ते दगडाची पावडर आणि प्लास्टिक, त्यालाही 'ओक' हे नाव देऊन विकतात, तो नुसता कलर असतो. यातलं काही वाईट नाही, पण सॉलिडचे पैसे देऊन फोटो घरी आणू नका. आणि एक, इंजिनीअर्डला कमी लेखू नका, त्यातले आडवे थर वरच्या ओकला फुगू देत नाहीत, पश्चिमेकडं जावळी, पाटण, महाबळेश्वरच्या बाजूला घर असेल तर मी सॉलिडपेक्षा तेच सुचवीन. पूर्वेकडं माण-खटावात हवा बरीच कोरडी, तिथं सॉलिड जमतं. एकाच जिल्ह्यात एवढा फरक आहे, त्यामुळं मोठ्या शहरातला दुकानदार 'सगळीकडं चालतं' म्हणतो त्याला काही अर्थ नाही.

सॉलिडच ठरलं असेल तर रुंद फळीचा मोह आवरा. फोटोत आठ इंची फळी लै भारी दिसते, पण जेवढी रुंद तेवढी एका जागी मोठी फट. अडीच-तीन इंची फळी घेतली तर तीच हालचाल जास्त फटींत वाटली जाते आणि डोळ्यात खुपत नाही. दुसरं, चिरणी विचारा. ओंडका चारी बाजूंनी गाभ्याकडं चिरला तर त्याला क्वार्टर सॉन म्हणतात, महाग पडतो कारण लाकूड वाया जातं, पण त्याची फळी साध्या चिरणीच्या निम्म्यानं फुगते, म्हणजे जवळजवळ सागाच्या बरोबरीला येते, आणि त्यावर चकाकणारे आडवे पट्टे दिसतात ते वेगळंच. बजेट ताणायचंच असेल तर इम्पोर्टेड पॉलिशवर ताणू नका, इथं ताणा. जाडी १८ ते २० मिलिमीटर पुरते. गाठी असलेला रस्टिक ग्रेड स्वस्त असतो आणि मजबुतीला काही कमी नसतो, आवडीचा प्रश्न. वाया जाणारं धरून १० टक्के माल जास्त मागवा.

आता बसवण्याआधीचं, आणि इथंच निम्मी कामं बिघडतात. काँक्रीट वरनं कोरडं दिसतं पण आत पाणी असतं. अंदाज असा धरतात की इंचाला एक महिना, म्हणजे चार इंची कोब्याला चार महिने, आणि मध्ये पावसाळा आला तर तो धरायचाच नाही. तपासायला साधा उपाय आहे, दोन फूट बाय दोन फूट जाड प्लास्टिक चारी बाजूंनी टेप लावून जमिनीला चिकटवा, एक-दोन दिवस ठेवा, काढल्यावर खाली घाम आलेला दिसला किंवा काँक्रीट काळपट पडलं असलं तर थांबा. तळमजल्यावर जमिनीतली ओल कायमची वर येत असते, तिथं खाली वॉटरप्रूफिंग नसेल तर ओकचा नाद सोडा. आणि सांगलीकरांनो, तुम्हाला वेगळं सांगायला नको, कृष्णेकाठच्या ज्या भागांत २००५, २०१९, २०२१ ला पाणी शिरलं तिथं तळमजल्याला लाकूड घालणं म्हणजे पैसे नदीत टाकणं. आयर्विन पुलापाशी ४५ फूट धोक्याची पातळी आहे आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. वरच्या मजल्यावर करा, खुशाल करा.

माल आला की त्याच दिवशी ठोकायला सुरुवात करू देऊ नका. तिकडच्या फॅक्टरीत हे लाकूड तिकडच्या हीटर लावलेल्या घरांसाठी वाळवलेलं असतं, अमेरिकेचं साधारण ६ ते ९ टक्क्यांपर्यंत. ते आपल्या हवेला सरावलं पाहिजे. खोक्यांची प्लास्टिकं काढून, मध्ये काड्या घालून, ज्या खोलीत बसवायचंय त्याच खोलीत थर लावून ठेवा, खिडक्या-दारं बसलेली आणि प्लास्टर-रंगाची कामं संपलेली पाहिजेत. किती दिवस, हे कॅलेंडर बघून ठरवायचं नसतं, मॉइश्चर मीटरनं ठरवायचं, पिना टोचून आकडा दाखवणारं ते छोटं यंत्र. खाली प्लायचा बेस असेल तर प्लाय आणि फळी यांच्या आकड्यात २ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. हे सगळं कुणाला जास्तीचे लाड वाटत असतील तर त्यांनी मिरजेत जाऊन सतार-तंबोरा करणाऱ्यांकडं बघावं, तुणीचं लाकूड मुरल्याशिवाय तिथं कोण हत्यार लावत नाही.

सीझन कुठला? भर मे महिन्यात सगळ्यात वाळलेलं लाकूड घट्ट ठोकून बसवलं की जुलैत ते फुगायला जागा शोधतं. ऑगस्टमध्ये फुगलेलं बसवलं की एप्रिलमध्ये फटी. मधला काळ धरा, दिवाळीनंतर ते जानेवारीपर्यंत. बांधकामाच्या शेड्यूलमध्ये हे बसत नाही म्हणून मालक कुरकुरतात, पण चांगला सुतार स्वतःच म्हणतो, "दादा, पाऊस जाऊ दे, हवा जरा फिरू दे, मग हात लावू." असा सुतार भेटला तर सोडू नका.

भिंतीला चारी बाजूंनी १२-१५ मिलिमीटर जागा सोडायची, ती स्कर्टिंगखाली झाकते. मिस्त्रीला सवय टाइल्सची असते, तो भिंतीला चिकटवून सिमेंट भरून टाकतो, त्यामुळं स्कर्टिंग लागायच्या आधी एकदा स्वतः वाकून चारी कोपरे बघा. दाराच्या चौकटीखालीही तीच जागा पाहिजे. स्लॅबवर थेट चिकटवायचं तर लाकडाचा लवचिक गोंदच, फेव्हिकॉल नाही. बेस करायचा तर वॉटरप्रूफ प्लाय, आयएस ७१० छापलेला.

पॉलिशमध्ये दोन घराणी आहेत. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, वरनं काचेसारखा थर, पाणी लवकर आत जात नाही, पुसायला सोपं, पण एकदा खोल ओरखडा पडला की तेवढाच दुरुस्त होत नाही, अख्खी खोली घासावी लागते. दुसरं हार्डवॅक्स ऑइल, तेल आणि मेण लाकडात मुरतं, हाताला लाकूडच लागतं, डाग पडला तर तेवढीच जागा घासून परत लावता येतं, पण दर एक-दोन वर्षांनी हात मारावा लागतो. लहान मुलं, कुत्रं, पाहुण्यांचा राबता असेल तर पीयू मॅट घ्या. चकचकीत घेऊ नका, त्यावर धुळीचा प्रत्येक कण दिसतो. आणि हे ध्यानात ठेवा की तेलाच्या पॉलिशचे बोळे, विशेषतः बेलतेलाचे, म्हणजे जवसाच्या तेलाचे, कोपऱ्यात गोळा करून टाकले तर स्वतःहून तापून पेट घेतात. थाप नाही ही, तेल वाळताना उष्णता सोडतं आणि ढिगात ती अडकते. बोळे पाण्यात भिजवा नाहीतर बाहेर मोकळे पसरून वाळवा, आणि कामगाराला आधीच सांगून ठेवा.

आता रोजचं. आपल्याकडं फरशी पुसायची म्हणजे बादलीभर पाण्यात फिनेल आणि निथळणारं फडकं, दिवाळीला तर पाइप लावून धुवायची. ओकला हे अजिबात चालत नाही. मऊ केरसुणी किंवा व्हॅक्यूम, आणि आठवड्यातनं एकदा-दोनदा मायक्रोफायबरचं फडकं पाण्यात बुडवून इतकं पिळायचं की पुसल्यावर जमीन मिनिटभरात वाळली पाहिजे. फिनेल नाही, लिंबू-व्हिनेगर नाही, सोडा नाही, स्टीम मॉप तर नाहीच नाही. कामाला येणाऱ्या मावशींना स्वतः एकदा करून दाखवा, नुसतं सांगून होत नाही, त्यांच्या हाताला वर्षानुवर्षांची सवय आहे आणि चूक त्यांची नाही. पॉलिश सगळ्यात जास्त खराब करते ती चपलेबरोबर आलेली बारीक वाळू, त्यामुळं चपला दाराबाहेर, ती सवय आपल्याला आहेच. खुर्च्या-सोफ्याच्या पायांना फेल्टचे गोल चिकटवा आणि झिजले की बदला. रबराची किंवा प्लास्टिकची पाठ असलेली मॅट टाकू नका, तिच्यातलं केमिकल उतरून चौकोनी पिवळा डाग पडतो. सतरंजी, दरी चालेल, पण अधूनमधून हलवा, उन्हानं ओकचा रंग बदलतो आणि झाकलेला भाग वेगळा दिसायला लागतो.

ओकची एक खास खोड आहे. त्यात टॅनिन भरपूर असतं, आणि टॅनिन, लोखंड आणि पाणी एकत्र आले की निळा-काळा डाग. कुंडीचा लोखंडी स्टँड, त्याखाली सांडलेलं पाणी, संपलं. बघायचं असेल तर सॅम्पलच्या तुकड्यावर ओल्या स्टील वुलचा तुकडा रात्रभर ठेवा, सकाळी दौत सांडल्यासारखं काळं दिसेल. म्हणून ओक कधी तारेच्या घासणीनं घासायचा नाही, तिचे कण अडकून गंजतात. असा डाग ऑक्झॅलिक अ‍ॅसिडनं निघतो, पण ते विषारी, ते पॉलिशवाल्यालाच करू द्या. हळदीचं उलट आहे, ती सांडली की जीव घाबरतो, पण लगेच पुसून घ्या, उरलेला पिवळेपणा ऊन लागून बराचसा उडतो. देवघराखाली मात्र समईचं तेल आणि कळशीचं पाणी रोजचंच, तिथं दगडाची लादी बसवा आणि वाद मिटवा. स्वयंपाकघरात, बाथरूमच्या दारात ओक नको.

उन्हाळ्यात फटी पडल्या की लोक घाईनं लांबी, म्हणजे पुट्टी, भरतात. भरू नका. पावसाळ्यात फळ्या परत मिटतात, लांबी बाहेर फेकली जाते नाहीतर कडा चिरडतात. तसंच पावसाळ्यात कडा उचलल्या आणि फळीचा मधला भाग खोल दिसायला लागला तर घासायला मशीन बोलवू नका, कारण खालची बाजू ओली आहे म्हणून ते झालंय, आत्ता कडा घासून सपाट केल्या तर वाळल्यावर त्याच कडा खाली जातील आणि मध्य वर येईल. आधी पाणी कुठनं येतंय ते शोधा, गळती थांबवा, हवा कोरडी करा, दोन-तीन महिने थांबा, बऱ्याचदा फळ्या स्वतःच बसतात. भर पावसात खिडक्या सताड उघड्या ठेवू नका, एसी असेल तर ड्राय मोडवर लावा, शक्य असेल तर डिह्युमिडिफायर, आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ भिंतीला लावा आणि ती ४० ते ६० च्या मध्ये ठेवायचा प्रयत्न करा. जे नोकरीला पुण्या-मुंबईत आणि साताऱ्यातलं घर जून ते सप्टेंबर कुलूपबंद, त्यांनी मात्र सॉलिड ओकचा विचारच करू नये.

वाळवी ओकला लागते, कडक आहे म्हणून सोडत नाही. बांधकामाच्या वेळीच जमिनीत औषध मारून घ्या आणि वर्षातनं एकदा स्कर्टिंगच्या कडेनं मातीच्या बारीक नळ्या दिसतात का ते टॉर्च घेऊन बघा.

सॉलिडचा फायदा शेवटी हा की दहा-पंधरा वर्षांनी पॉलिश उतरलं की घासून परत नवं करता येतं. दर वेळी एक मिलिमीटरच्या आत-बाहेर लाकूड जातं आणि फळ्या एकमेकींत अडकवायच्या खाचेच्या वर साधारण ५-६ मिलिमीटर असतं, त्यामुळं तीन-चार वेळा आरामात होतं, मशीनवाला नवशिका असेल तर तेवढ्या वेळा होणार नाही. आणि काम संपल्यावर उरलेल्या चार-पाच फळ्या कामगाराला देऊन टाकू नका, पत्र्याखाली किंवा माळ्यावरही टाकू नका. त्याच खोलीत पलंगाखाली आडव्या ठेवा, म्हणजे पुढंमागं एखादी फळी बदलायची वेळ आली तर तिला तीच हवा लागलेली असेल.